जिताड्याच्या खवल्यांची भिंत

ज्या माणसांनी माझ्या आईच्या भिंतीला विटाळ म्हटलं, त्यांच्यातला एकही शाकाहारी नव्हता. हे मी सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण पनवेलात आता ती गोष्ट निघाली की लोक मान हलवतात, "जुन्या माणसांच्या समजुती" म्हणतात आणि पान लावायला घेतात. समजुती वगैरे काही नव्हत्या. आषाढात जिताड्याच्या तुकड्यांवर ताव मारून ढेकर देणारी माणसं होती ती. आणि त्या माणसांच्यात मी बसत होतो, हेही लिहून ठेवतो.

आम्ही करंज्याचे कोळी. वडील मचव्यावर जायचे, आई मासळी विकायची आणि सुकवायची. शिकलेला असा घरात मी पहिलाच. शाळेसाठी मला पनवेलला लांबच्या एका मावशीकडे ठेवलं होतं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या वर्षी, ऐन गणपतीत, मला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं की याच्या घरी कळवा. निरोप पोचल्यावर आई भरतीच्या पाण्यावर मचव्याने आली. माझ्या अंगाला हात लावून पाहिला आणि सरळ समोरच्या मांडवात गेली. मावशीच्या दारासमोरच आळीचा सार्वजनिक गणपती बसायचा. तिथे ती काय बोलली ते मला आधी मावशीने सांगितलं, पुढे आईने स्वतः इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ आहे.

"माज्या पोराला उठव. तुज्या पाठची भित मी माज्या हातानं सजवीन. तू बसल्यापासून उठंपर्यंत ती तुज्या पाठीशी रहील. तवर मासली तोंडाला लावनार नाय."

मी उठलो. डोक्यावरचे केस गेले ते परत आले, डाव्या कानाचं ऐकणं गेलं ते परत आलं नाही, पण मी उठलो. आणि आईने मासळी सोडली.

कोळणीने मासळी सोडणं म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकाला कदाचित कळणार नाही. सकाळी बंदरावर लिलावाला उभं राहायचं, दुपारभर बोंबील वलांडीवर, म्हणजे आडव्या बांबूंवर, वाळत टाकायचे, संध्याकाळी घरच्यांसाठी कालवण करायचं, आणि आपण मात्र भात आणि वालाच्या डाळीवर जेवायचं. कालवणात मीठ बरोबर पडलंय की नाही हे चाखायला ती शेजारणीला हाक मारायची. वडील वैतागायचे. एकदा ताटावरूनच म्हणाले, "देवानं काय तुज्याकडनं लिहून घेतलंय?"

"नाय घेतलं," आई म्हणाली. "म्हनून तं पालायचं."

नवस फेडायला तिला भिंत हवी होती, आणि भिंत होती पनवेलच्या आळीतल्या मंडळाची. तिथे करंज्याच्या कोळणीला कोण विचारणार? ती माझी वाट पाहत राहिली. मी मॅट्रिक झालो, मामलेदार कचेरीत कारकून म्हणून लागलो, त्याच आळीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या, लग्न केलं. मंडळाच्या कमिटीत मला घेतलं तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. म्हणजे आजारपणाला दहाएक वर्षं होऊन गेली होती. तेवढी वर्षं आई खवले साठवत होती.

हे खवल्यांचं वेड तिचं जुनंच. करंज्याचं आमचं घर कुडाचं. कारवीच्या काठ्यांचा तट्ट्या उभा करायचा आणि त्यावर माती-शेणाचं लिंपण चढवायचं, म्हणजे कूड. दरवर्षी पाऊस संपला की आई नवं लिंपण करायची, आणि ते ओलं असेपर्यंत हाताला येईल ते त्यात दाबून बसवायची. शिंपले, करवंटीचे तुकडे, फाटक्या जाळ्याची गाठ, भाताचं तूस, आणि मुख्य म्हणजे खवले. जिताड्याचे खवले मोठे, रुपयाएवढे. ते ती चुन्याच्या निवळीत भिजत घालायची, राखेने चोळायची, पाण्यामागून पाणी बदलायची आणि छपरावर उन्हात टाकायची. मग त्यांना वास उरत नसे, नुसती एक चमक उरायची, कोनाप्रमाणे बदलणारी. काही ती हळदीच्या पाण्यात बुडवायची, काही कपड्यांच्या निळीत. शेजारच्या बाया बघायला यायच्या. त्यातली एक म्हणायची, "हिच्या घरात भित नेसून बसल्ये आन् ही बघा, फाटक्या लुगड्यात." आई हसायची. तिला ते आवडायचं.

चित्र म्हणतात तसं ते चित्र नव्हतं, आणि नक्षी म्हणावं तर तशीही नव्हती. लांबून बघितलं की समुद्र दिसायचा. जवळ गेलं की नुसते खवले.

आमचे चिटणीस म्हणजे आळीतले धान्याचे व्यापारी. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा असे. मी त्यांच्या दुकानात जाऊन सांगितलं की आईचा नवस आहे, गणपतीमागची भिंत तिला तिच्या हाताने करून द्यायची आहे. जाताना मी एक जिताडा नेला होता, खाडीतला, ताजा, हातभर. आईने घरी साफ करून दिलेला. आमच्याकडे कुणाकडे काम घेऊन जायचं तर जिताडा नेतात, त्यात वावगं कुणाला वाटत नाही. चिटणीसांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"नवस म्हटल्यावर आम्ही कोण नाही म्हणणार? होऊ दे मावशींच्या हातचं. कशाची करणार भिंत?"

"माती, शिंपले... तसलंच सगळं," मी म्हणालो.

त्याच जिताड्याचे खवले आईने पदराला बांधून ठेवले होते आणि ते पुढे त्या भिंतीत गेले. चिटणीसांनी मासा खाल्ला, आईने खवले देवाला दिले. यात विटाळ कुणी केला, मला अजून कळलेलं नाही.

श्रावणात आई आमच्याकडे राहायला आली. नेऱ्याहून आलेल्या गाडीतून मी कारवी उतरवून घेतली आणि खोल्यांच्या मागच्या अंगणात चार तट्टे उभे केले. आई आणि माझी बायको दोघी लिंपायच्या. चिंचोक्याची खळ शिजवण्याचं काम बायकोचं. ती देशावरची, तिला आधी या सगळ्याचा कंटाळा होता, पण चार दिवसांत ती आईपेक्षा हट्टी झाली. "आत्याबाई, ही लाट जरा उतरती करा, नाहीतर होडी त्यात कशी बसणार?" असं चालायचं. आणि आई म्हणायची, "तू कवा होडीत बसलीस गं?"

आईने मचव्यातून दिसतो तसा देखावा केला होता. खाली निळ्या आणि पांढऱ्या खवल्यांचं पाणी, एकावर एक चढलेलं, जसं माशाच्या अंगावर असतं तसंच. त्यात काळ्या शिंपल्यांच्या होड्या, त्यांना जाळ्याच्या सुताची शिडं. वर तुसाचे डोंगर, आणि मधोमध करवंटीच्या तुकड्यांचा कर्नाळ्याचा सुळका, आमचे लोक समुद्रावरून दिशा बघतात तो. देवाच्या डोक्यामागे येईल अशा जागी हळदीच्या खवल्यांचा सूर्य. समई लावली की तो सूर्य हलतो असं वाटायचं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी चारही तट्टे मांडवात उभे केले, मखराचे खांब त्यांना बांधले. कमिटीची सगळी मंडळी बघायला जमली. आई तेव्हा घरी होती. मग चिटणीस पुढे झाले, डोळे बारीक करून बघितलं आणि मला विचारलं, "हे चमकतंय ते काय? अभ्रक?"

मी म्हणालो, "हो. अभ्रकच."

का म्हणालो? मला ठाऊक होतं म्हणून. आईला ठाऊक नव्हतं. तिच्या दृष्टीने मासळी म्हणजे घरातली लक्ष्मी. आमच्या घरी गौरीला चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा, नैवेद्य दाखवतात. देवाच्या पाठीमागे खवले लावण्यात काही गैर आहे हे तिच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं. मी मात्र त्या लोकांत वाढलो होतो, वर्गात माझ्या शेजारी बसायला नाक मुरडणारी पोरं मी पाहिली होती. मी तिला सावध करायला हवं होतं, किंवा त्यांना खरं सांगायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. एक शब्द बोललो आणि सुटलो, असं मला वाटलं.

पहिले दोन दिवस आईइतकं सुखी माणूस पनवेलात नसेल. ती मांडवात एका कडेला बसायची, पदर डोक्यावरून घेऊन. लोक यायचे, देवाला हात जोडायचे आणि मग वर बघायचे. बाजूच्या आळ्यांतून माणसं येऊ लागली. "कुठला कारागीर आणलात?" असं कुणी विचारलं की चिटणीस छाती काढून म्हणायचे, "कारागीर कशाला? आपल्या आळीतलीच मावशी आहे." आणि आईकडे बोट करायचे. आई खाली बघायची. घरी आल्यावर बायकोला म्हणाली, "अनंत चौदस झाली की दुसऱ्या दिवशी कालवन करू. तू मला खेकडं करून घाल."

गौरी आल्या त्या संध्याकाळी आळीतल्या बायका नटूनथटून दर्शनाला आल्या. त्यात चिटणीसांच्या घरच्या वहिनी होत्या. त्या जवळ गेल्या, सूर्यावरून बोटं फिरवली आणि कौतुकाने आईला म्हणाल्या, "मावशी, एवढं अभ्रक कुठून हो आणलंत?"

"अबरक कसलं, वयनी?" आई म्हणाली. "जिताड्याची खवलं हायत. धा वर्सं जमवली. चुन्यात भिजवली, मंग—"

तिचं वाक्य पुरं झालं नाही. वहिनींनी हात असा मागे घेतला जसा काही निखाऱ्याला लागला. आधी बोटांकडे बघितलं, मग बोटं पुसायला जागा शोधू लागल्या, नव्या लुगड्याला पुसवेनात. मागून कुणीतरी म्हणालं, "तरीच वास येतोय मघापासून!"

दोन दिवस त्या मांडवात कुणाला वास आला नव्हता. उदबत्त्या, कापूर, केवडा, आणि त्यापलीकडे काही नाही. खवले हा शब्द ऐकताच पन्नास नाकांना वास आला. पदर तोंडाशी गेले. एक बाई तर ओकारी आल्यासारखं करत बाहेर गेली, आणि ती बाई दर बुधवारी आमच्याकडून सुके बोंबील नेत असे. मला तेव्हा हसू यायला हवं होतं. मला घाम फुटला.

चिटणीस आले. त्यांनी आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही अभ्रक म्हणाला होतात."

आईने मान वर केली. "अबरक सांगितलंस, बाला?"

मी नजर खाली वळवली.  पण तिने माझ्याकडे जसं पाहिलं त्यात राग नव्हता. तिला तोपर्यंत खरंच ठाऊक नव्हतं की यात लपवण्यासारखं काही आहे, आणि ते तिला तिच्या मुलाच्या तोंडावरून कळलं.

बैठक चिटणीसांच्या दुकानात भरली, पोत्यांवर. आई बाहेर पायरीवर बसली होती, तिला आत बोलावलं नाही. "मांडवाचा मच्छीबाजार केला," एक जण म्हणाला. "उद्या आरतीला मांजरं येतील," दुसरा म्हणाला, आणि लोक हसले. मोठ्याने हसले. त्यातल्या दोघांच्या घरी त्या दिवशी गौरीला माशाचा नैवेद्य होता. मला हे ठाऊक होतं, कारण मासळी आईनेच आणून दिली होती. घरातल्या गौरीला मासा चालतो आणि तिच्या लेकाच्या भिंतीला खवला चालत नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, असं विचारायला माझं तोंड उघडलं नाही.

विचारलं आईने. पायरीवरूनच.

"शेट, आरतीला शंक वाजवतात तो कुठला? झाडाला लागतो?"

 मग चिटणीस समजुतीच्या आवाजात म्हणाले, "मावशी, तुमच्यावर आमचा राग नाही. तुम्हाला काय कळणार? शिकल्यासवरल्या लेकाने तरी सांगायला नको?"

म्हणजे तिची अक्कलही काढली आणि क्षमाही केली, एकाच दमात.

तट्टे काढून टाकावेत असं सगळ्यांचं मत पडलं. पूजा सांगणारे गुरुजी तिथे होते. ते म्हणाले, "मूर्ती हलवता येणार नाही. प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत देव जागा सोडत नाही. आणि मखराचे खांब त्या कुडालाच बांधलेत. कूड काढायचा तर मखर उतरेल, मखर उतरलं तर मूर्तीला धक्का लागेल."

"मग काय करायचं?"

"मला विचाराल तर राहू द्या. दोन दिवस मी पूजा करतोय, मला काही झालं नाही."

त्या दुकानात जन्मात मासा न खाल्लेला एकच माणूस होता, आणि त्याला काही झालं नव्हतं. त्याचं कुणी ऐकलं नाही. मंडळ दरवर्षी नाटक बसवायचं, त्याचा बागेचा पडदा होता. कारंजं, दोन हंस, मागे कसलासा महाल. तो पडदा भिंतीवर सोडायचा असं ठरलं. त्या पडद्याचे रंग सरसात कालवलेले होते. सरस जनावरांची कातडी आणि हाडं उकळून करतात. पडदा रंगवणाऱ्या पेंटरने मला हे स्वतः सांगितलं होतं, कमिटीतल्या निम्म्या लोकांसमोर. जनावराची हाडं देवाच्या पाठीमागे चालली, कारण त्यांच्यावर हंस काढलेले होते.

पडदा बांधायला बांबूवर चढणारा उंच माणूस हवा होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी चढलो. दोऱ्या मीच बांधल्या. खाली उभं राहून चिटणीस सांगत होते, "डावीकडे अजून खाली घ्या, सूर्य दिसतोय," आणि मी डावी बाजू अजून खाली घेतली. आई मांडवाच्या दाराशी उभी होती. मी खाली उतरलो तेव्हा ती घरी गेली होती.

या बारा वर्षांत मी माझ्या बाजूने पुष्कळ कारणं तयार केली. माझी नोकरी कायम झाली नव्हती. मंडळाचे अध्यक्ष असलेल्या वकीलसाहेबांची कचेरीत ऊठबस होती. मला त्याच आळीत राहायचं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही मला पुरत नाही. पण एक सांगतो. माझ्या भित्रेपणाचा हिशेब मी माझ्याशी रोज करतो, त्या लोकांनी त्यांच्या खोटेपणाचा एकदाही केला नाही. त्यांना शांत झोप लागते. मला याची चीड येते, आणि चीड आली की थोडं बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटते.

पुढचे दिवस आई रोज आरतीला जायची. टाळ्या वाजवायची, प्रसाद घ्यायची, मग त्या हंसांकडे बघत बसायची. घरी आल्यावर एकच प्रश्न.

"परदा कवा काडनार?"

"बघू. मी बोलतो त्यांच्याशी."

"बोललास?"

"बोलतो, आये."

मी कुणाशीही बोललो नव्हतो. बायकोला ते कळत होतं. एका दुपारी ती भांडी आपटत म्हणाली, "अहो, गाठ तुमच्या हातचीच आहे ना? मग सोडा की! आत्याबाईंनी दहा वर्षं मासळी सोडली, तुम्हाला एक गाठ सुटत नाही?"

अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा झाली. गुरुजींनी अक्षता टाकल्या, मूर्ती जागेवरून हलवली. माणसं बाहेर लेझीम धरत होती. मांडव जवळजवळ रिकामा झाल्यावर आई गुरुजींपुढे जाऊन बसली.

"गुर्जी, माजा नवस फिटला का?"

गुरुजी भला माणूस. ते म्हणाले, "देवाला पोचला, मावशी. फिटला समजा."

"समजून कसं चालंल? मी बोललेली, तू बसल्यापासून उठंपर्यंत. मदी परदा आला."

"पडदा माणसांनी टाकला."

"हां. आन् त्यातला एक मानूस माजाच व्हता."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची कृपा. ते म्हणाले, "तुमचं मन काय म्हणतं?"

"नाय फिटला," आई म्हणाली, आणि उठली.

इतक्यात चिटणीस घाईने आत आले. पडदा नाटकवाल्यांना परत द्यायचा होता. तो त्यांनी ओढून काढला आणि कुडाकडे बघत म्हणाले, "मावशी, हे तट्टे निर्माल्याच्या गाडीत टाकतो. खाडीत सोडून देऊ सगळं एकदम."

आई कुडासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"निरमाल चोखा असतो का विटाललेला?"

"म्हणजे?"

"माजी भित विटाललेली म्हनून झाकलीत ना? मंग देवाच्या फुलांच्या गाडीत कशी चालंल? आन् गाडीत चालत आसंल तं इतं का नाय चालली? एक काय तं ठरवा, शेट. मी थांबतं."

चिटणीस थांबले नाहीत. "वेळ होतोय," असं पुटपुटत बाहेर गेले. लेझीम सुरू झाली. मिरवणूक खाडीकडे निघाली आणि मांडवात आम्ही तिघंच राहिलो, आई, बायको आणि मी. मी तट्ट्यांच्या दोऱ्या सोडल्या. आता गाठी पटापट सुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ते चार तट्टे बैलगाडीतून बंदरावर नेले आणि मचव्यात चढवले. आई बरोबर गेली. जाताना खेकड्यांचा विषय कुणी काढला नाही.

मला वाटलं, ती ते घरात लावेल. वडिलांनाही तसंच वाटलं. त्यांनी ओसरीवर जागासुद्धा करून ठेवली. आई म्हणाली, "ह्यो आपला नाय. देवाचा हाय, त्याच्या जागी लागंल तवा लागंल." तट्टे जाळी ठेवायच्या खोपीत गेले, तोंड भिंतीकडे करून. तेव्हापासून ती दर पावसाळ्यानंतर ते बाहेर काढते, ओल आलेली माती खरवडून नवी लावते, पडलेले खवले पुन्हा बसवते आणि पुन्हा तोंड भिंतीकडे करून ठेवते.

मी कमिटी सोडली नाही. सोडली असती तर छान वाटलं असतं, पण मग विचारणार कोण? दरवर्षी आषाढात मी चिटणीसांकडे जातो आणि तेच विचारतो. पहिल्या वर्षी ते रागावले. पुढे पुढे हसण्यावारी नेऊ लागले, "तुमच्या डोक्यातून ते खवले जात नाहीत बुवा." मग कितीतरी वर्षं "पुढच्या वर्षी बघू." घरी करंज्याला गेलो की आई विचारते, "काय म्हनले?" आणि मी सांगत आलो, "विचार करतायत." ती मान हलवते आणि तिचं ताट वेगळं वाढून घेते. वडील गेले त्या वर्षी सुतक फिटल्यावर नातेवाइकांनी तिला किती आग्रह केला. तिने ऐकलं नाही.

परवा पुन्हा गेलो. चिटणीस आता थकलेत, दुकान मुलगा बघतो. दुकानात यंदाच्या आरासीचं सामान येऊन पडलं होतं. मुंबईहून आणलेले प्लास्टिकचे शिंपले, चमकी, निळा जिलेटीनचा कागद. यंदा समुद्राचा देखावा करायचा घाटतोय. मुलाने एक शिंपला माझ्या हातात दिला. "बघा, अगदी खरा वाटतो."

मी चिटणीसांना म्हणालो, "खरा समुद्र करंज्याला तयार आहे. आईचं वय झालंय. या वर्षी लावू द्या. दहा दिवस."

ते बराच वेळ पोत्यावरची धूळ झटकत राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला खरं सांगू? मला स्वतःला काही वाटत नाही. कधीच वाटलं नव्हतं. पण तेव्हा नाही म्हटलं, आता हो म्हटलं तर लोक म्हणतील तेव्हा उगाच केलं. नाही जमायचं. आता विचारू नका."

कधीच वाटलं नव्हतं! माझ्या आईच्या एवढ्या वर्षांच्या जेवणावर या माणसाने पडदा टाकला आणि त्याला स्वतःला काही वाटतही नव्हतं. विटाळ वाटला म्हणून झाकली असती तर एक वेळ मी समजलो असतो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दुकानात ओरडलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. शंख, सरस, त्यांच्या घरची गौर, सगळं निघालं. मुलगा मध्ये पडला. समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. मी तो प्लास्टिकचा शिंपला गल्ल्यावर आपटला, त्याला साधी चीरही गेली नाही. त्या ओरडण्याचा उपयोग शून्य होता, आणि ते मी बारा वर्षं उशिरा केलं.

तिथूनच उरणची एस्टी पकडून करंज्याला गेलो, येणार हे आईला आधीच कळवलं होतं. आई चुलीपुढे होती. पाठ वाकली आहे, नजर अजून पक्की. माझ्या पावलांवरून तिने ओळखलं असावं, वळलीच नाही.

"काय म्हनले?"

मी म्हणालो, "नाय म्हनले, आये. कायमचं नाय म्हनले."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. जाळ कमी झाला. थोड्या वेळाने म्हणाली, "आज खरं बोललास."

मग तिने ताट घेतलं. जिताड्याचं कालवण होतं, तिने माझ्यासाठीच केलेलं. भात वाढला, वर दोन तुकडे घातले, एक डोक्याकडचा. स्वतःसाठी दुसऱ्या ताटात भात आणि डाळ घेतली आणि माझ्यासमोर बसली. मी तसाच बसून राहिलो.

"आये, आता काय उरलंय? खा ना तू."

"माजं न् देवाचं हाय तं. त्यात शेट नाय, तू पन नाय," ती म्हणाली. "तू जेव. काटा बगून खा."

मी जेवलो.